वळूची निवड (खिलार)

पैदाशीसाठी खोंड राखावा की बडवून बैल करावा, याचा निर्णय. ही नोंद मुख्यतः खिलार जातीपुरती आहे. खिलारचे क्षेत्र सांगली, सातारा व सोलापूर जिल्हे आणि लगतचा कर्नाटक. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोशी व फिलिप्स यांच्या ग्रंथात आटपाडी महाल, म्हसवड, तापी (थिल्लारी) व नकली असे तिचे प्रकार दिले आहेत. जातीचा उगम म्हैसूरकडील हल्लीकार जनावरांत असल्याचे जुन्या नोंदींत म्हटले आहे.

बाह्य लक्षणे : लांबट, निमुळता चेहरा, कपाळावर मधोमध खोबण, मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली शिंगे, ताठ वशिंड, आखूड पोळी, अंगाला चिकटलेली कातडी व बेंब, कणखर खूर. नराचा पुढला भाग गडद असतो. तापी प्रकारात मात्र नाक व खूर तांबूस-गुलाबी असतात, म्हणून माणदेशातला काळ्या खुराचा आग्रह तिकडे लागू पडत नाही. खरसुंडीच्या यात्रेत किंवा सांगोल्याच्या बाजारात खोंड आधी चालवून पाहतात, मग दात. दुधाचे दात असलेला तो ‘आदत’. पुढे दोन दाती, चार दाती. अंगावरील भोवऱ्यांचे शुभाशुभही पाहिले जाते. पैदाशीशी त्याचा संबंध नाही, किमतीशी पुष्कळ आहे. उलट दोन्ही वृषण सारख्या आकाराचे, पूर्ण उतरलेले व भरीव आहेत की नाहीत, ही वीर्योत्पादनाशी थेट निगडित तपासणी व्यवहारात अनेकदा शेवटी येते.

वंशावळ : आई पाहावी, हा जुना नियम योग्यच, पण खिलार गाय मुळात कमी दुधाची, त्यातले बरेचसे वासरू पिते आणि उरलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही. त्यामुळे आईची परीक्षा वेत वेळेवर येते का, कास व सड कसे आहेत, आधीचे गोऱ्हे कामाला कसे निघाले, एवढ्यावरच होते. लेकींच्या दुधावरून वळूची पारख करायची तर हिशेब असा : खोंड तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गाय फळवू लागतो, त्याची कालवड साधारण चौथ्या वर्षी विते, मग तिचे वेत मोजायचे. तोवर वळू आठ-नऊ वर्षांचा झालेला असतो.

खच्चीकरण : फार लहानपणी बडवल्यास मान व वशिंड भरत नाही, म्हणून बैल करायचा खोंडही दाती लागेपर्यंत तसाच ठेवतात. निर्णयाला सवड मिळते ती यामुळेच. पूर्वी ठेचून बडवत. आता पशुवैद्यक बर्डिझो चिमट्याने वीर्यनलिका व रक्तवाहिन्या चिरडतात, कातडी फाटत नाही. देखणा, चपळ खोंड याच सवडीत शर्यतीच्या गिऱ्हाइकाच्या दावणीला जातो. राखायला हवा होता तो नेमका हाच. बैलगाडा शर्यतींवर 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये त्या सशर्त सुरू झाल्या व 18 मे 2023 च्या निकालाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरला. शर्यतींमुळे जात टिकते, हा शर्यतप्रेमींचा दावा. मागणी वाढते हे खरे, पण ती पळणाऱ्या नराला असते. गायीच्या गुणांबद्दल त्यातून काही कळत नाही.

राखल्यानंतर : गावातील वळू दोन-तीन वर्षांनी बदलावा, नाहीतर त्याच्याच लेकी त्याच्याकडे येतात. क्षय, जोन्स रोग व सांसर्गिक गर्भपात यांच्या तपासण्या आवश्यक. देवाला सोडलेला पोळ हा निवडीचा भाग नव्हे; त्याची पारख झालेली असतेच असे नाही.

कृत्रिम रेतन : 0.25 मिलि. कांडी, सुमारे 2 कोटी शुक्रजंतू, द्रव नायट्रोजनमध्ये −196° से. उरुळी कांचनच्या ‘बायफ’ संस्थेने (स्थापना 1967) राज्यात प्रसार केला. संकरित पैदाशीचे विवेचन येथे केलेले नाही.

कायदे : मुंबई प्रांताच्या 1933 च्या पशुधन सुधारणा कायद्यात निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणाची तरतूद होती. 2015 पासून राज्यात वळू व बैल यांच्या कत्तलीसही बंदी; त्यामुळे निवडीतून गळालेल्या खोंडाचा सांभाळ हा मालकाचा खर्च झाला.

इतर जाती : देवणीत वानेरा, बालंक्या व शेवरा हे रंगप्रकार पाहतात. डांगीत पावसाला टिकणारी तेलकट कातडी महत्त्वाची. लाल कंधारी : रंग एकसारखा लाल.