नमपायच्या तळाशी फोर्ट्रान: जुना कोड का टिकतो?

'जुना कोड' हा शब्द आपल्या क्षेत्रात बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतो. आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलेलं, कोणाला नीट न कळणारं आणि हात लावायची भीती वाटणारं असं काहीतरी. ही तक्रार पुष्कळदा खरीही असते. पण ज्या आधुनिक साधनांवर आपण रोज काम करतो, त्यांच्या तळाशी पन्नासेक वर्षांपूर्वीचं काम आहे आणि ते नुसत्या आळसामुळे तिथे राहिलेलं नाही. ते का राहिलं, हे आज एका उदाहरणातून बघू या.

पायथनमध्ये नमपाय तुमच्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. शंभर समीकरणं आहेत, शंभर अज्ञात संख्या आहेत. 'सॉल्व्ह'ची एक ओळ लिहिली की उत्तर समोर येतं. आता गंमत बघा, ती ओळ स्वतः काहीच सोडवत नाही. ती खाली लॅपॅक नावाच्या लायब्ररीतल्या 'डीजीईएसव्ही' या रूटीनला बोलावते. हे नाव असं विचित्र का? 'डी' म्हणजे डबल प्रिसिजन, 'जीई' म्हणजे जनरल मॅट्रिक्स आणि 'एसव्ही' म्हणजे सॉल्व्ह. त्या काळच्या प्रमाण फोर्ट्रानमध्ये नावाला जास्तीत जास्त सहा अक्षरं मिळायची, म्हणून सगळं असं कोंबून बसवलेलं. ती मर्यादा केव्हाच गेली, पण नाव तेच राहिलं.

आता जरा मागे जाऊ. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या गटाने ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रान बाजारात आणली. त्याआधी वैज्ञानिकांना यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहावं लागे. फोर्ट्रानमुळे गणिताची सूत्रं जवळपास सूत्रांसारखीच लिहिता येऊ लागली आणि तरी प्रोग्रॅम पुरेसा वेगाने चालायचा. म्हणून विज्ञानाच्या क्षेत्रात ती रुजली.

पण भाषा असून भागत नाही. संगणक दशांशानंतरचे ठरावीक अंकच ठेवतो, बाकीचे सोडून देतो. प्रत्येक पायरीला एवढीशी चूक झाली तरी लाखो पायऱ्यांनंतर उत्तर पार बिघडू शकतं. कोणत्या पद्धतीत ही चूक आटोक्यात राहते, याचा पाया इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या जेम्स विल्किन्सन यांनी घातला. हे अ‍ॅलन ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेले गृहस्थ. त्यांनी आणि ख्रिश्चन राइन्श यांनी १९७१ साली अशा पद्धतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले प्रोग्रॅम फोर्ट्रानमध्ये नव्हते, अल्गोल भाषेत होते.

अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यातला एक भाग फोर्ट्रानमध्ये आणला आणि त्याला आइसपॅक असं नाव दिलं. नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर तो कोड चालवून पाहिला, उत्तरं ताडून पाहिली, आणि मगच लोकांच्या हाती दिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. म्हणजे या 'जुन्या कोडा'चाही एकदा भाषा बदलून पुनर्जन्म झालेला होता. त्याचं गणित आणि त्याची तपासणी मात्र टिकून राहिली.

त्याच परंपरेत १९७९ साली लिनपॅक आलं. जॅक डोंगारा, जिम बंच, क्लीव्ह मोलर आणि पीट स्टुअर्ट हे त्याचे चार कर्ते. यातले मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता या लायब्ऱ्या वापरता याव्यात, म्हणून त्यांनी वर एक सोपं आवरण तयार केलं, त्याचं नाव मॅटलॅब. १९८४ साली त्याची कंपनी झाली. म्हणजे 'खाली जुनं, वर सोपं' ही आजच्या फ्रेमवर्कची रचना तेव्हाच तयार झाली होती.

त्याच १९७९ साली आणखी एक काम झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं ते सर्वांत महत्त्वाचं आहे. त्याचं नाव ब्लास. दोन सदिशांचा गुणाकार, एका सदिशात दुसऱ्याची पट मिळवणं, अशा मूलभूत क्रियांची नावं, त्यांना द्यायच्या गोष्टींचा क्रम आणि त्यांचा अर्थ एकदाचा ठरवून टाकला. हा एक करार होता. वर लिहिणाऱ्याने याच नावाने बोलवायचं. खालच्याने आपल्या यंत्रावर ते काम हवं तसं करावं, फक्त उत्तर ठरल्याप्रमाणे द्यावं.

या कराराची कसोटी लवकरच लागली. प्रोसेसर वेगवान झाले, पण मेमरी मागे पडली. आकडे येईपर्यंत प्रोसेसर नुसता वाट बघत बसायचा. लिनपॅक एकेका स्तंभावर काम करायचं, त्यामुळे तेच आकडे पुन्हा पुन्हा मेमरीतून आणावे लागत. मग करार वाढवला गेला. १९८८ साली मॅट्रिक्स आणि सदिश यांच्या क्रिया आल्या, १९९० साली मॅट्रिक्स आणि मॅट्रिक्स यांच्या. आता एकदा आणलेल्या तुकड्यावर भरपूर काम उरकता येऊ लागलं. त्यावर १९९२ साली लॅपॅक उभं राहिलं.

करारामागचा कोड मात्र कितीतरी वेळा बदलला. काझुशिगे गोटो या जपानी तज्ज्ञाने ब्लासचा गाभा हाताने असेम्ब्लीत लिहिला आणि तो विलक्षण वेगवान ठरला. त्यातूनच पुढे चीनमध्ये ओपनब्लास सुरू झालं. नमपाय नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केलंत, तर बहुधा तेच तुमच्या संगणकावर येतं. इंटेलचं वेगळं आहे, अ‍ॅपलचं वेगळं आहे. नावं मात्र सगळीकडे तीच. पायथनच्या बाजूने जिम ह्युगुनिन यांनी १९९५ साली न्यूमेरिक आणलं. त्याच वाटेवर ट्रॅव्हिस ऑलिफंट यांचं नमपाय २००६ साली स्थिरावलं. त्यांना मॅट्रिक्सचं गणित नव्याने मांडावं लागलं नाही, ते करारापर्यंत पोचले आणि खालचं सगळं त्यांना मिळालं.

याचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. लिनपॅकच्या पुस्तिकेला एक परिशिष्ट होतं. शंभर समीकरणं सोडवायला कोणत्या संगणकाला किती वेळ लागतो, याचा तक्ता त्यात होता. त्यातूनच महासंगणकांची कसोटी तयार झाली आणि १९९३ पासून पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी त्या कसोटीवर निघू लागली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातला टाटांचा 'एका' हा संगणक त्या यादीत चौथा आला. तोपर्यंत कसोटीचा कोड नवा झाला होता, सी भाषेत होता. पण गणित तेच, आणि त्याचा बहुतेक वेळ जात होता ब्लासच्या मॅट्रिक्स-गुणाकारात.

आता तुम्ही म्हणाल, मग खरोखरचा जुना कोड कुठे आहे का? आहे. संख्याशास्त्राची आर भाषा घ्या. तिच्यातलं रोजचं लिनिअर रिग्रेशन आजही लिनपॅकच्या एका रूटीनच्या सुधारित रूपावर चालतं. लॅपॅक येऊन तीस वर्षं उलटली, तरी ते बदललं नाही. का? समजा तुम्ही उंची सेंटिमीटरमध्ये दिलीत आणि नंतर तीच इंचांतही दिलीत. दुसरा स्तंभ निरुपयोगी आहे. आरमधलं रूटीन असा स्तंभ शेवटी सरकवतं आणि बाकीचे तुम्ही लिहिलेल्या क्रमानेच ठेवतं. लॅपॅकचं रूटीन स्तंभांच्या आकारमानाप्रमाणे क्रम लावतं. गणिताला त्याने फरक पडत नाही, पण संख्याशास्त्रज्ञाने 'हा घटक आधी' असं मुद्दाम लिहिलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला हा मागासलेपणा वाटेल. आत बघितलं तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

पण इतिहास सांगताना जुन्याचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. फोर्ट्रान वाचणारे, त्यातल्या 'गो-टू'च्या उड्या समजून घेणारे लोक कमी होत आहेत. नव्या प्रोसेसरवर, ब्राउझरमध्ये हा कोड चालवायचा तर फोर्ट्रानचा कंपायलर ही अडचण होऊन बसते. म्हणून सायपायच्या कार्यकर्त्यांनी अलीकडे असे अनेक भाग सी भाषेत नव्याने लिहायला घेतले. १९८० सालचं अरगॉनचं मिनपॅकही त्यात आहे. माझ्या मते हे योग्यच आहे. अरगॉनने अल्गोलचं फोर्ट्रान केलं, तसंच हे.

प्रश्न आहे तो कसं करायचं हा. विल्किन्सननी पद्धत का निवडली हे लिहून ठेवलं होतं. आइसपॅकच्या लोकांनी उत्तरं ताडून ठेवली होती. ब्लासने करार लिहून ठेवला होता. या तीन गोष्टी हाताशी असतील तर कोड कोणत्याही भाषेत नेता येतो. त्या नसतील तर कालचा लिहिलेला कोडसुद्धा आज जुना होतो, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला की तो वाचणारं कोणी उरत नाही.

ही नोंद ठेवण्याचं, चाचण्या लिहिण्याचं काम बढतीच्या अर्जात दिसत नाही. वर नवं फ्रेमवर्क आणणाऱ्याचं नाव होतं, आणि तळ सांभाळणारे पुष्कळदा मोजकेच असतात, त्यातले काही तर विनामोबदला काम करतात. डोंगारांना २०२१ सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, तेव्हा या तळातल्या कामाची थोडी दखल घेतली गेली. तुमच्या कंपनीत पुढच्या वेळी 'हे सगळं फेकून नवं लिहू' असा विषय निघाला, तर आधी विचारा: हे असं का लिहिलं, याचं उत्तर कुठे लिहून ठेवलंय का? नसेल, तर पहिलं काम तेच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.