कानेओहेचा मैला वळवला तेव्हा

हवाईच्या ‘कुमुलिपो’ या दोन हजारांहून अधिक ओळींच्या सृष्टिगीतात अंधारातून पहिला जीव जन्मतो तो प्रवाळाचा. मासे, पक्षी, माणसे सगळी त्याच्या मागून येतात. प्रवाळाला असे थोरलेपण देणाऱ्या लोकांच्या ओआहू बेटावर, कानेओहेच्या उपसागरात, विसाव्या शतकात पाव शतकभर शहराचा आणि लष्कराचा मैला सोडला जात होता. तो बंद केल्यावर समुद्र कसा सावरतो, याची मोजदादही याच पाण्यात झाली, आणि इतकी चोख मोजदाद जगात फार थोड्या ठिकाणी झाली आहे.

बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचा हा उपसागर सुमारे १३ किलोमीटर लांब. बाहेरच्या अंगाला प्रवाळाची आडवी रांग, आत संथ पाणी. डोंगरातून उतरणारे ओढे पूर्वी सरळ समुद्राला भिडत नसत. वाटेत अळूची पाणथळ खाचरे होती. अळूचा कंद हे हवाईकरांचे मुख्य अन्न. ओढ्याचा गाळ या खाचरांत बसे आणि पुढचे पाणी किनाऱ्यावरच्या मत्स्यतळ्यांत उतरे. हेएइया इथले तळे सहा-आठशे वर्षांपूर्वीचे, ८८ एकरांचे. दगड रचून केलेली त्याची भिंत दोन किलोमीटरची. भरती-ओहोटीचे पाणी लाकडी जाळीच्या दारांतून आत-बाहेर करते. गोव्याच्या खाजणातली मानस, म्हणजे भरतीच्या पाण्याचे दार, पाहिलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. शेती, मासळी आणि स्वच्छ किनारा या एकाच व्यवस्थेच्या तीन बाजू होत्या, हे पुढच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

पुढे पाणी उसाकडे वळले, खाचरे ओस पडली. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी काचेच्या तळाच्या होड्यांतून प्रवासी इथले ‘प्रवाळाचे बगीचे’ पाहायला येत. ते बगीचे उपसागराच्या दक्षिण भागात होते आणि नेमका तोच भाग आधी बळी पडला. १९३९पासून नौदलाच्या विमानतळासाठी तळ खरवडून काढला गेला. १९५१मध्ये लष्करी तळाचे सांडपाणी आत येऊ लागले. १९६०च्या सुमारास डोंगरातून बोगदे निघाले, होनोलुलूला नोकरी करणारी कुटुंबे इकडे राहायला आली आणि १९६३पासून गावाचे सांडपाणीही त्याच दक्षिण भागात सोडले जाऊ लागले. १९७७पर्यंत दिवसाला सुमारे दोन कोटी लिटर.

मैल्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस प्रवाळाला थेट मारतात असे नाही. ते त्याच्या शत्रूंना पोसतात. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशावर त्याच्यासाठी अन्न करते. म्हणून प्रवाळाला नितळ पाणी लागते. खत मिळाले की पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि पाणी गढूळ हिरवे होते. तळाशी गाळून खाणारे स्पंज वगैरे जीव माजतात. कानेओहेत तर डिक्टिओस्फेरिया नावाचे हिरवे, फुगीर शैवाल प्रवाळाच्या फांद्यांवर पसरले आणि खालच्या प्रवाळाचा श्वास कोंडला.

सगळे घडत होते ते हवाई विद्यापीठाच्या समुद्रजीवशास्त्र संस्थेच्या उंबऱ्यावर. ही संस्था उपसागरातल्याच एका बेटावर आहे. त्यामुळे डिसेंबर १९७७मध्ये गावाच्या मैल्याचा नळ मोकापू भूशिरापलीकडे खुल्या समुद्रात वळवला गेला आणि १९७८मध्ये लष्करी तळाचाही, तेव्हा आधीच्या नोंदी हाताशी होत्या. संशोधक स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये नोंदवले की पाण्यातले पोषक घटक आणि गढूळपणा भराभर उतरला. जेम्स मॅरागोस यांनी १९७०-७१मध्ये पाहिलेल्या जागा १९८३मध्ये पुन्हा पाहिल्या. प्रवाळ दुपटीहून जास्त झाला होता, हिरवे शैवाल पुष्कळ ओसरले होते.

इथेच गोष्ट संपवण्याचा मोह मोठा आहे, पण ती खोटी ठरेल. १९९०च्या पाहणीत वाढ मंदावलेली दिसली, काही जागी हिरवे शैवाल परतले होते. त्याला खाणारे मासे कमी झाले होते. शिवाय १९७०च्या दशकात व्यापारी लागवडीच्या प्रयोगासाठी आणलेली परदेशी समुद्रशैवाले सुटून पसरली. हिरव्या शैवालाचा जोर मोडला तो थेट २००६मध्ये, आठवडेच्या आठवडे पाऊस लागून ऊन अडले तेव्हा. परदेशी शैवाल उपसायला होडीवर बसवलेले मोठे शोषक पंप लागले, आणि ते खाणारे, प्रयोगशाळेत वाढवलेले समुद्री साळिंदर २०११पासून खडकांवर सोडले जात आहेत. नळ वळवायला एक निर्णय पुरला. मागे राहिलेले निस्तरायला पिढी गेली. आणि वळवलेला मैला नाहीसा झालेला नाही, तो खोल पाण्यात जातो.

हेएइयाच्या तळ्याची भिंत १९६५च्या पुरात फुटली होती. स्थानिकांनी ती २०१५मध्ये पुन्हा सांधली, वरच्या अंगाला अळूची खाचरेही पुन्हा पिकू लागली आहेत. हे काम नळ वळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण ते पाण्याला जमिनीवरच अडवते. सध्या तेच सर्वांत अवघड आहे: २०१७च्या सरकारी अंदाजानुसार हवाईत सुमारे ८८ हजार शोषखड्डे होते आणि त्यांतून रोज जवळजवळ २० कोटी लिटर अप्रक्रियित सांडपाणी जमिनीत मुरत होते. ते बदलण्याची कायद्याने दिलेली मुदत २०५० आहे. खर्च घरमालकाच्या खिशातून जाणार आहे, म्हणून किनाऱ्यालगतच्या वस्त्यांना सरकारी मदत किती आणि कधी मिळते, यावर तिथल्या उथळ पाण्यातल्या प्रवाळाचे पुढचे दशक ठरेल.