जुन्या गाडीच्या क्रोमवर रंग द्यायचाय? आधी हे वाचा

रील्समध्ये हे काम अगदी सोपं दिसतं. जुन्या गाडीचा चकचकीत बंपर, त्यावर काळ्या स्प्रेचे दोन हात आणि तीस सेकंदांत गाडी नव्यासारखी! याला 'क्रोम डिलीट' म्हणतात. पण पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच बंपरचे पोपडे निघायला लागतात, ते मात्र कुणी रीलमध्ये दाखवत नाही.

घरी बाबांची किंवा आजोबांची फियाट पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा काँटेसा उभी असेल, तर स्प्रे कॅन हातात घेण्याआधी क्रोम म्हणजे नक्की काय, हे समजून घ्या. कारण हे काम नीट करायचं असेल, तर त्यातून माघार घेता येत नाही.

क्रोम म्हणजे नक्की काय?

क्रोम हा रंग नाही, तो धातूचा मुलामा आहे. लोखंडी बंपरवर विजेच्या मदतीने आधी निकेलचा थर चढवतात (काही वेळा त्याखाली तांब्याचाही असतो) आणि सगळ्यात वर क्रोमियमचा. हा वरचा थर साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉनचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. गंजापासून खरं संरक्षण देतो तो खालचा, बराच जाड निकेलचा थर. क्रोमियम त्याला कडकपणा आणि ती निळसर चमक देतं.

मग रंग का टिकत नाही?

रंगाला धरून राहायला खडबडीत पृष्ठभाग लागतो. बारीक ओरखडे असतील तर रंग त्यात शिरतो आणि सुकल्यावर अडकून बसतो. क्रोम काचेसारखं गुळगुळीत असतं. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्रोमियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो सहजासहजी कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही. म्हणूनच क्रोम वर्षानुवर्षं चमकतं आणि म्हणूनच त्यावर रंग नुसता 'ठेवलेला' असतो, चिकटलेला नसतो. एक खडा उडून लागला की तिथून पाणी आत शिरतं आणि पोपडा सुटतो.

'एच प्राइमर मारा, काम होईल' असा सल्लाही मिळतो. या प्राइमरमधलं आम्ल लोखंडाला आणि अॅल्युमिनियमला चावतं, पण शाबूत क्रोमवर त्याचं फारसं काही चालत नाही. घासण्याला पर्याय नाही.

चकाकतं ते सगळं क्रोम नसतं

जुन्या गाड्यांवरच्या बारीक पट्ट्या आणि काचेभोवतीची किनार बऱ्याचदा स्टेनलेस स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची असते. ओळखायचं कसं? पट्टी काढून मागची बाजू बघा.

- मागे गंज किंवा मळकट लोखंड दिसलं, तर क्रोमचा मुलामा.
- दोन्ही बाजूंनी एकसारखा, गंज नसलेला धातू असेल, तर बहुधा स्टेनलेस.
- हलकी, चुंबक न चिकटणारी आणि पांढुरके डाग पडलेली असेल, तर अॅल्युमिनियम.
- टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर क्रोम केलेलं प्लॅस्टिक.

नुसत्या चुंबकावर विश्वास ठेवू नका, कारण स्टेनलेसच्या काही प्रकारांना तो चिकटतो. आणि पट्टी स्टेनलेसची निघाली, तर रंगाचा विचार सोडा. नुसत्या पॉलिशने ती पुन्हा चमकते.

रंग द्यायचाच असेल तर

१. भाग गाडीवरून काढा. निघत नसेल तर आजूबाजूला मास्किंग टेप आणि कागद लावा.

२. साबणाच्या पाण्याने धुवा, सुकल्यावर डिग्रीझरने पुसा. पॉलिशमधलं मेण आणि सिलिकॉन आधी गेलं पाहिजे. नाहीतर घासताना ते ओरखड्यांत आणखी आत जातं.

३. ३२० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा, मग ४०० ने. क्रोम कडक असतं, हात दुखतील. कुठेही आरसा दिसत असेल, तर काम अपुरं आहे. कोपरे आणि खाचा सगळ्यात आधी सोलतात, तिथे जास्त वेळ द्या.

४. क्रोम सुटलेलं असेल, तर घट्ट थर लागेपर्यंत ते काढा आणि कडा उतरती करा. गंज पूर्ण घासून काढा. गंजावर दिलेला रंग गंजासकटच निघतो.

५. पुन्हा डिग्रीझरने पुसा आणि टू-के इपॉक्सी प्राइमरचे पातळ कोट द्या. दोन कोटांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ थांबा.

६. प्राइमर सुकल्यावर ६०० च्या पेपरने हलकं घासून रंग द्या, शेवटी क्लिअर कोट.

पावसाळी दमट हवेत हे काम टाळा. ओलाव्यामुळे रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते.

टेप टेस्ट

आधी एखाद्या लपलेल्या जागी किंवा छोट्या भागावर करून बघा. रंग पूर्ण वाळल्यावर ब्लेडने बारीक चौकटी पाडा, त्यावर टेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंगाचे तुकडे आले, तर घासणं कमी पडलंय. छोट्या तुकड्यावर हे कळलेलं बरं.

जिवाशी खेळ नको

क्रोम कोरडं घासू नका, ग्राइंडर तर नकोच. निकेलची धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला घातक असते. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट असतं, त्याने दमा होऊ शकतो. रुमाल किंवा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. तशी सोय नसेल तर फवारणी पेंटरकडूनच करून घ्या. आणि व्हिडिओ बघून घरी आम्लाने किंवा बॅटरी जोडून क्रोम उतरवायला जाऊ नका. विजेने उतरवताना हेक्साव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं, ते कॅन्सरला कारणीभूत ठरतं.

परत फिरता येणारा रस्ता

फक्त लुक बदलायचा असेल, तर काळा व्हिनाइल रॅप किंवा सोलून काढता येणारं रबरी कोटिंग वापरा. क्रोम शाबूत असेल तर घासायची गरज नाही आणि कंटाळा आला की ते काढून टाकता येतं. घासलेलं क्रोम मात्र पॉलिशने परत येत नाही, कारण तो थरच इतका पातळ असतो. मग पुन्हा प्लेटिंग करून घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नसतं.

गंमत म्हणजे क्रोमवर रंग देण्याची ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियम आणि निकेल युद्धासाठी लागत होतं, म्हणून १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेत बंपर सोडून गाड्यांवरच्या चमकत्या पट्ट्यांवर बंदी आली. कंपन्यांनी त्या रंगवून गाड्या विकल्या. अशा गाड्यांना आज 'ब्लॅकआउट' मॉडेल म्हणतात.

थोडक्यात

बंपरचं क्रोम आधीच फुगलं, गंजलं असेल तर नीट घासून रंग द्या, गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. क्रोम चांगलं असेल तर रॅप करा किंवा तसंच ठेवा. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं कधीच थांबलंय आणि २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही गेली. मूळ क्रोम असलेले बंपर आता कमीच होत जाणार. तुमच्या दारात त्यातला एक असेल, तर पेपर लावण्याआधी एकदा घरच्यांनाही विचारा.