काब द रामची हवा

गोव्यात काब द रामच्या किल्ल्यावर मी गेलो होतो तो समुद्र बघायला. तिथली हवा काचेच्या बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियाला जात असे, हे मला फार नंतर वाचनातून कळलं.

१९९३ ते २००२ हे काम चाललं. नमुने भारतीय शास्त्रज्ञ घेत, तपासणी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत होई. जागा मात्र मोठ्या अकलेने निवडलेली! पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, समुद्रावरून येतो. हिवाळ्यात ईशान्येकडून, जमिनीवरून. एकाच कड्यावर दोन्ही हवा मिळतात. त्यांतल्या फरकात आपल्या चुली, शेतं, कारखाने दिसतात.

एरवी देशाचा हिशेब कागदावर होतो. कोळसा किती जळला, डिझेल किती खपलं, गुरं किती, यावरून. तो बरोबर आहे का, याचा ताळा हवेतच करावा लागतो. शेजारी देशांनाही तो पटायला हवा, म्हणून मोजमापाची पट्टी सगळ्यांची एक लागते.

चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली, तेव्हा कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३१३ होता. आज तो ४२०च्या वर आहे. १९६४ मध्ये पैसे आटले आणि तिथेही काही महिने मोजणी थांबली.

काब द रामला २००२ नंतर खंड पडला. वर्गातली राहिलेली हजेरी मी दुसऱ्या दिवशी मुलांना विचारून भरतो. त्या दिवसांची हवा कुठून आणायची?