पाहुणा आणि पती : ब्रिटिश आप्रवासन-नियमांतील दर्जा-बदलाचा एक अभ्यास

परकीय पुरुषाने एखाद्या देशात स्थायिक असलेल्या स्त्रीशी विवाह केला, म्हणजे त्या देशात राहण्याचा त्याचा हक्क आपोआप सिद्ध होतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती किती निराधार आहे, हे ब्रिटनच्या १९६९ नंतरच्या इतिहासावरून दिसून येते. या विषयावर झालेले बहुतेक लेखन वर्णभेद व लिंगभेद या दोन अंगांनी झालेले आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु या दोहोंखाली तिसरी एक गोष्ट दडलेली आहे व तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे दर्जा-बदल. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य पती म्हणून राहू मागतो, तेव्हा त्याच्या मागणीचा निकाल विवाहावरून लागतो, की तो कोणत्या दाराने आत आला व कोणत्या तारखेस त्याने अर्ज केला यावरून? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पूर्वपीठिका. १८७० च्या कायद्यानुसार परकीयाशी विवाह करणारी ब्रिटिश स्त्री आपले राष्ट्रीयत्व गमावीत असे. स्त्रीचे घर म्हणजे पतीचे घर, हे तत्त्व त्या कायद्याच्या मुळाशी होते. १ जानेवारी १९४९ रोजी अमलात आलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने ही हानी थांबविली. परंतु त्याच कायद्याने ब्रिटिश पुरुषाच्या परकीय पत्नीला नोंदणीने नागरिकत्व मिळविण्याचा जो हक्क दिला, तो ब्रिटिश स्त्रीच्या परकीय पतीला दिला नाही. आपल्याकडे घरजावयाविषयी जी एक चेष्टेची भावना असते, तिचेच हे राजमान्य रूप होते, असे म्हणावयास हरकत नाही. पत्नी पतीच्या मागोमाग येईल हे राज्यसंस्थेला स्वाभाविक वाटे. पती पत्नीच्या मागोमाग आला की त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाई.

१९६९ मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी कॉमनवेल्थ देशांतील पतींचा प्रवेश बंद केला. अपवादात्मक परिस्थिती असेल तरच तो मिळावयाचा. १९७४ मध्ये रॉय जेन्किन्स यांनी ही बंदी उठविली. १९७७ मध्ये केवळ सोयीसाठी केलेल्या विवाहांना आळा घालावा म्हणून पतीस प्रथम बारा महिन्यांचीच मुदत देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने १९७४ ची सवलत रद्द करण्याचे आश्वासन दिले व सत्तेवर येताच त्याप्रमाणे नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. हे नियम म्हणजे संसदेचा कायदा नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. १९७१ च्या आप्रवासन कायद्याने गृहमंत्र्याला नियम करून ते संसदेपुढे मांडण्याचा अधिकार दिला आहे. त्यामुळे कायद्याचे एक अक्षरही न बदलता एखाद्या कुटुंबाचे भवितव्य बदलू शकते.

ते कसे, हे एका खटल्यावरून स्पष्ट होते. मलावीत जन्मलेली, भारतीय वंशाची एक स्त्री ब्रिटनमध्ये आली व तिला तेथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. तिचा पती दमण येथे १९५१ मध्ये जन्मलेला. १९७८ मध्ये तो भारतातून पोर्तुगालला गेला व पोर्तुगीज नागरिक या नात्याने ऑक्टोबर १९७९ मध्ये पाहुणा म्हणून ब्रिटनमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दोघांचा विवाह झाला आणि लगेच त्याने पती या नात्याने कायम राहू देण्याविषयी अर्ज केला. नवे नियम १ मार्च १९८० पासून लागू झाले. गृहखात्याचा नकार आला तो जुलै १९८० मध्ये. पत्नी ही युनायटेड किंग्डम व वसाहतींची अशी नागरिक नाही, की जी स्वतः ब्रिटनमध्ये जन्मली आहे अथवा जिच्या आईवडिलांपैकी एक जण तेथे जन्मला आहे, हे नकाराचे कारण. अर्ज एका नियमाच्या काळात, निर्णय दुसऱ्या नियमाच्या काळात! विवाह खोटा आहे असे कारण त्यात कोठेही नव्हते.

येथे किंचित विषयांतर करावेसे वाटते. हा मनुष्य पोर्तुगीज नागरिक कसा, असा प्रश्न आपल्याकडील वाचकास पडेल. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव भारतात सामील झाले आणि १९६२ च्या आदेशाने तेथील रहिवाशांना भारताचे नागरिकत्व मिळाले. तथापि पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांचे राष्ट्रीयत्व पोर्तुगालने मान्य करणे चालूच ठेवले. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय समुदायात सामील झाला. म्हणजे आज गोमंतकातील अनेक कुटुंबांना परिचित असलेला लिस्बनमार्गे लंडन हा रस्ता या गृहस्थाने काही वर्षे अगोदर धरला होता, आणि तो रस्ता तेव्हा अजून तयार झालेला नव्हता.

हा खटला अब्दुलअझीझ, कबालेस व बाल्कन्दाली विरुद्ध युनायटेड किंग्डम या नावाने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे गेला. तिसऱ्या दांपत्यातील तुर्की पतीही प्रथम पाहुणा म्हणून आला होता, मग विद्यार्थी झाला, आणि त्या दर्जाची मुदत उलटून गेल्यावर त्याचा विवाह झाला. ब्रिटिश सरकारने बचाव केला तो देशातील कामगारांच्या बाजाराचा. काम करण्याच्या वयाच्या पुरुषांपैकी ९० टक्के नोकरीधंद्यात असतात, स्त्रियांपैकी ६३ टक्केच. सबब परकीय पतीला अडविणे परकीय पत्नीला अडविण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे, असा हा युक्तिवाद. न्यायालयाला हा फरक पुरेसा वाटला नाही. २८ मे १९८५ च्या निकालात लिंगभेद झाल्याचे त्याने मान्य केले. वर्णभेदाचा आरोप मात्र मान्य केला नाही.

या निकालाचा विजय म्हणून गौरव केला जातो. परंतु कौटुंबिक जीवनाच्या हक्काविषयी न्यायालयाने जे म्हटले, ते वाचताना मन साशंक होते. विवाहित जोडप्याने निवडलेला देश मान्य करण्याचे सर्वसाधारण बंधन राज्यावर नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय, पती तात्पुरत्या परवानगीवर आला आहे हे मलावीत जन्मलेल्या त्या स्त्रीला ठाऊक होते, आणि मसुदा आधीच प्रसिद्ध झालेला असल्यामुळे नकार येण्याचा संभव तिला कळू शकला असता, असेही म्हटले. म्हणजे वधूने बोहल्यावर चढण्यापूर्वी गृहखात्याचे मसुदे वाचावेत, अशी अपेक्षा! लिंगभेद दूर झाला. पण पाहुण्याला पती होण्याचा अधिकार आहे काय, हा मूळ प्रश्न न्यायालयाने राज्याच्या बाजूने सोडविला.

सरकारने याचा अर्थ बरोबर ओळखला. ऑगस्ट १९८५ च्या नियमांनी स्त्री व पुरुष यांना समान केले खरे. परंतु पतींचे ओझे उतरवून नव्हे, तर तेच ओझे पत्नींवरही लादून. त्या ओझ्यातील सर्वांत जड भाग म्हणजे विवाहाचा ‘प्रमुख हेतू’ ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नव्हता, हे सिद्ध करण्याची अट. १९८० च्या नियमांत अधिकाऱ्यास संशयास जागा दिसली तरच नकार द्यावयाचा होता. १९८३ च्या नियमांनी पुराव्याचा भार दांपत्यावर टाकला. विवाह खरा असूनही तो या कसोटीत नापास होऊ शके. ठरवून केलेल्या विवाहांना याचा विशेष जाच झाला, कारण जेथे दोन कुटुंबे सर्व बाजू पाहून संबंध जुळवितात, तेथे एकच प्रमुख हेतू काढून दाखविणे मुळातच अवघड. मुलगा परदेशी स्थायिक होईल ही गोष्ट आपल्याकडे सोयरीक जमविताना उघडपणे बोलली जाते; तो प्रांजळपणाच तेथे पुरावा ठरे. ही अट जून १९९७ मध्ये रद्द झाली.

दरम्यान एक आडवाट उघडली होती. ब्रिटिश नागरिक असलेल्या पत्नीसमवेत जर्मनीत काम करून परतलेल्या एका भारतीय पतीच्या, सुरिंदर सिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये त्यास समुदायाच्या कायद्याखाली प्रवेश देणे भाग आहे असे ठरविले. घरच्या कायद्याने जे मिळत नव्हते, ते परक्याच्या कायद्याने मिळाले. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ही वाटही बुजली.

देशांतर्गत वाट तर त्यापूर्वीच अरुंद झाली होती. २००३ मध्ये सहा महिने वा त्याहून कमी मुदतीच्या परवानगीवर आलेल्यास विवाहाच्या आधारे दर्जा बदलण्यास मज्जाव करण्यात आला. केवळ नियोजित वराचा वा वधूचा अपवाद ठेवला. त्याच वर्षी कसोटीचा काळ एक वर्षावरून दोन वर्षे झाला आणि २०१२ मध्ये पाच. मायदेशी परत जा व तेथून रीतसर अर्ज करा, हे गृहखात्याचे ठराविक उत्तर असे. झिम्बाब्वेतून आलेल्या एका मातेच्या चिकवाम्बा खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ मध्ये या उत्तराची कठोर चिकित्सा केली, आणि विशेषतः मुले असलेल्या कुटुंबांना केवळ अर्ज करण्यासाठी परत धाडणे क्वचितच समर्थनीय ठरेल, असे म्हटले. त्यानंतर चारच वर्षांनी वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली, व ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली.