नांगराच्या फाळातून उभी राहिलेली ओतशाळा

मालवण तालुक्यातले किर्लोस हे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. किर्लोस्कर घराण्याचे मूळ तिथले. घराण्याची एक शाखा घाटावर गेली आणि बेळगावकडच्या गुर्लहोसूरला स्थिरावली. याच गुर्लहोसुरात १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. देशातल्या एका मोठ्या यंत्रउद्योगाची कुळी त्यांच्यापासून सुरू होते.

चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण डोळ्यांना काही रंग ओळखता येईनात, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान होतेच. त्याच्या जोडीला कडबा कापायचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या काळ्या रानात खोल दडलेल्या असतात, तिथवर तो पोचत नाही. लोखंडी नांगर माती खोलवर कापून उलटी पाडतो. तरीही शेतकरी बिचकत होता. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

नांगराचे मर्म फाळात असते. तो मातीत घासून झिजतो आणि वरचेवर बदलावा लागतो. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली यावर तोड काढली होती: बीड ओतताना फाळाची खालची बाजू झटकन थंड करायची. ती बाजू कठीण होते, वरची तुलनेने मऊ राहते आणि आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप टिकते. पण असा फाळ विलायतेहून मागवून आपला हंगाम कसा साधणार? नांगर इथे रुजायचा तर ओतशाळाही इथेच हवी होती.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी त्यांनी दिले. निवडुंग तोडून १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि दगडी कोळसा मिळेना. लक्ष्मणरावांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा विकत घेऊन वितळवल्या आणि लाकडी कोळशावर भट्टी चालवली. शत्रूवर डागायच्या तोफांचा रस नांगरांच्या साच्यांत उतरला.

भट्टी, साचे बनवणारे ओतारी आणि हातात मुरलेले कसब एकदा जमले, की त्याच ओतशाळेतून दुसरी यंत्रेही निघतात. १९२६ साली पाण्याचे सेंट्रिफ्युगल पंप आले. विहिरीपासून कारखान्यांपर्यंत आणि खाणीतले पाणी उपसण्यापर्यंत या पंपांचे काम वाढत गेले. १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला.

यंत्रउद्योगाला भांडवल लागते, राजाश्रयही लागतो. पण किर्लोस्करवाडी तगली ती कोरडवाहू शेतकऱ्याची नड ओळखल्यामुळे आणि तो दोन वर्षे नाही म्हणत असतानाही नांगर घडवत राहिल्यामुळे. पंप, इंजिने ही सगळी पुढची पिढी. या कुळाचा मूळ पुरुष नांगरच.