नागपूरचा पारा ५६ वर गेलाच नव्हता, पण संत्र्याचा बहार बिघडला तो का?

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरला होता. नागपूरचा पारा ५६ अंशांवर! रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या वावरात बसवलेल्या स्वयंचलित यंत्रानं तो आकडा दाखवला होता, हे खरं. पण हवामान खात्यानं लगेच खुलासा केला की यंत्राचा सेन्सर बिघडला, आकडा चुकीचा आहे. आमच्या गावच्या ग्रुपवर तो मेसेज दीड दिवसात अकरा वेळा आला. खुलासा एकदाही आला नाही.

नागपूरचा खरा उच्चांक आहे ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. तोही काही कमी नाही म्हणा.

अशा मेसेजनंतर पारावर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आता जग जळणार, दुसरी म्हणते विदर्भात ऊन आजोबाच्या काळापासून आहे, हे सगळं शहरातल्या लोकांचं खूळ. माझ्याकडे काटोल तालुक्यात दोन एकर संत्रा आहे, बाकी पऱ्हाटी अन् तूर. त्यामुळे हा विषय मला बातमी म्हणून नाही, घरचा हिशेब म्हणून समजून घ्यावा लागला. जेवढं समजलं तेवढं इथं मांडतो.

एक दिवस आणि तीस वर्षं

कळमन्यात एका दिवशी संत्र्याला चांगला भाव भेटला म्हणून कोणी संत्र्याचा धंदा फायद्यात आला असं म्हणत नाही. दहा-पंधरा वर्षांचा हिशेब पाहावा लागतो. हवामानाचंही तसंच आहे. आज तापलं, उद्या गार पडली, ही झाली रोजची हवा. त्या हवेची निदान तीस वर्षांची सरासरी आणि तिची चालचलणूक म्हणजे हवामान. एका उन्हाळ्यावरून हवामान बदललं असं ठरत नाही, आणि एका थंड हिवाळ्यावरून बदललं नाही असंही ठरत नाही.

पूरही जुनेच आहेत. जुलै १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. म्हणून प्रश्न "पूर कधी आला होता का" हा नाही. तो किती वेळा येतो, किती तासांत येतो, हा आहे.

भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान जवळपास ०.७ अंशानं वाढलं. जगाची वाढ यापेक्षा जास्त आहे. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचं सर्वांत गरम वर्ष ठरलं, कारखानदारी सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा सुमारे १.५५ अंश जास्त.

अर्ध्या-एक अंशानं काय होते, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण अंगात ताप ९८ वरून १०१ वर गेला तर आपण तीनच डिग्री वाढली म्हणून सोडून देत नाही.

आभाळ असलं की थंडी पळते, तेच हे

डिसेंबरात रात्री आभाळ स्वच्छ असलं की कडाक्याची थंडी पडते, दहिवर पडते. त्याच रात्री ढग आले की थंडी कमी. प्रत्येक कास्तकाराला हे माहीत आहे. दिवसा जमिनीनं घेतलेली उष्णता रात्री वर निघून जाते, आणि ढग असले की ती अडते, खाली परत फिरते. कार्बन डायऑक्साइड हा वायू तेच काम करतो. फरक इतकाच की ढग सकाळी निघून जातात, हा वायू शेकडो वर्षं वर राहतो. उन्हाला तो येऊ देतो, जमिनीतून परत जाणारी उष्णता धरतो.

हे काही काल-परवाचं संशोधन नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईनं १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की हा वायू भरलेली नळी जास्त तापते. स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये, हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब हातानं मांडला होता.

कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून तो मोजतात. तेव्हा ३१५ होता, आता ४२० च्या वर गेला. मग तो कोळशाचाच कशावरून? कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेलं असते, त्यामुळे त्यातल्या कार्बनमधला एक किरणोत्सारी प्रकार पूर्ण संपलेला असतो. हवेतला कार्बन तपासला की ही खूण सापडते. आणि सूर्यच जास्त तापला असता तर वरपासून खालपर्यंत सगळी हवा तापली असती. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे अन् फार वरचा थर थंड होतो आहे. खाली गोधडी पांघरल्यावर वरच्या खोलीला ऊब पोचत नाही, तसं.

कोळसा म्हटला की आपल्या जिल्ह्याला अंग चोरता येत नाही. कोराडी, खापरखेडा, मौदा इथली औष्णिक केंद्रं, सावनेर-उमरेडच्या खाणी, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय, सगळं इथंच. माझ्या विहिरीवरचा पंप त्याच विजेवर चालतो. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतातला एक माणूस वर्षाला हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्यानं गोधडी विणली त्यालाच उकडेल, असा न्याय इथं नाही.

झड गेली, ढगफुटीसारखा पाऊस आला

आमच्या लहानपणी झड लागायची. चार-चार दिवस रिपरिप, कपडे वाळत नसत, पण पाणी जमिनीत मुरायचं. आता दोन तासांत पऱ्हाटी झोपते अन् पुढचे वीस दिवस ऊन.

याचं कारण सोपं आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. म्हणजे मोठ्या घागरीसारखं. भरायला वेळ लागतो, उपडी झाली की एकदम. त्यात अरबी समुद्र तापला, तिथून येणारी वाफही वाढली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग तिपटीनं वाढले.

२०२३ चं साल आठवा. देशासाठी तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, तो आला की आपला पाऊस बऱ्याचदा ओढ देतो. आणि त्याच हंगामात २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. अर्थात त्यात नाल्यावरची बांधकामंही तेवढीच दोषी, सगळं पावसावर ढकलू नये. त्याच महिन्यात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला होता. हंगामाची बेरीज पाहिली तर पाऊस बरा दिसतो. पण बेरजेवर पीक येत नाही, तारखांवर येते.

आता संत्रा

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन भेटलं. पण हे झाड मोठं नखऱ्याचं. त्याला फुलायला आधी उपाशी राहावं लागते. यालाच आपण ताण म्हणतो. पाणी तोडलं किंवा थंडी पडली की झाडाची वाढ थांबते, काडीत अन्न साठते, आणि मग पाणी भेटलं की नवतीबरोबर फूल निघते.

आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीची थंडी हा ताण देते. जानेवारीत पाणी सोडलं की फेब्रुवारीच्या आसपास बाग फुलते. मृग बहाराला मे महिन्यात पाणी तोडतात आणि मृगाचा पाऊस तो ताण फोडतो. म्हणजे दोन्ही बहार घड्याळावर चालतात, आणि ते घड्याळ आभाळात आहे.

आता काय होते ते पाहा. डिसेंबरात ढगाळ हवा अन् अवकाळी पाऊस आला की आंबियाचा ताण मधेच तुटतो. झाडाला वाटते हंगाम आला. थोडं फूल आता, थोडं महिन्यानं, बाकी नुसता पाला. एकाच झाडावर लिंबाएवढं फळ अन् बोराएवढं फळ दिसलं तर हेच झालेलं असते. मृगाचं याहून वाईट. जूनच्या पहिल्या सरीनं ताण फुटतो आणि मग पाऊस दडी मारतो. फूल करपते, नाहीतर निघतच नाही. ज्याच्याकडे ओलित आहे तो सावरतो. ज्याच्याकडे नाही, त्यानं मे महिन्यात झाड उपाशी ठेवलं तेवढं फुकट गेलं. आमच्या भागात कित्येक जण आता मृगाच्या भरवशावर राहत नाहीत. मीही सोडला.

पुढे एप्रिल-मेच्या तापात आंबियाची बारीक फळं गळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात वावरात पाणी साचलं की मुळ्या सडतात, बुरशी येते, डिंक्या लागतो, मोठी झालेली फळं सुद्धा गळतात. फेब्रुवारी-मार्चची गारपीट वेगळी; २०१४ ची गारपीट अजून कोणी विसरलं नाही.

मात्र इथं एक कबुली द्यावी लागेल. २०१८ ला पाऊस कमी पडला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, कळमेश्वरमधल्या बागा वाळल्या. माझी ६३ झाडं गेली, वडिलांनी लावलेली. तेव्हा मी सगळा दोष आभाळाला दिला. पण त्याआधीच्या वीस वर्षांत आम्ही बोअरवर बोअर मारले, दर वेळी आधीच्यापेक्षा खोल, आणि मुरवलं काहीच नाही. पाऊस कमी पडणं हे एक, आणि खाली साठाच न ठेवणं हे दुसरं. तापलेल्या हवेत जमिनीतलं अन् झाडातलं पाणी लवकर उडते, म्हणून आधी चालून जाणारी चूक आता चालत नाही.

इतर पिकांचंही थोडक्यात. फेब्रुवारीत ऊन वाढलं की गव्हाचा दाणा भरण्याआधीच पिकतो, बारीक राहतो. कापूस फुटायच्या वेळी ऑक्टोबरात पाऊस आला की बोंड सडते. रामटेक-मौद्याच्या धानाचा प्रश्न रोवणीच्या पाण्याचा, तो तिकडच्या कास्तकारांनी लिहिलेला बरा.

हातात काय आहे

कोराडीची चिमणी आपल्याला बंद करता येत नाही. बागेत मात्र पाणी साचू न देणं आणि पाणी उडू न देणं ही दोन कामं करता येतात. उताराच्या दिशेनं चर काढून पाणी बाहेर काढलं तर ऑगस्टची फळगळ कमी होते, हे मी माझ्याच दोन तुकड्यांत पाहिलं. उन्हाळ्यात आळ्यात गव्हांडा, सोयाबीनचं कुटार अंथरलं की ठिबकचं पाणी जास्त दिवस पुरते. पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवण्यापेक्षा बारीक करून मातीत गेल्या तर माती ओल धरते. नवीन बाग लावायची असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन आपल्या जमिनीला कोणता खुंट चालतो ते आधी विचारा.

आणि पावसाची नोंद ठेवा. अतिवृष्टी धरायची असेल तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस लागतो. हवामान आधारित फळपीक विम्यातही कमी पाऊस, खंड, अवेळी पाऊस, जास्त तापमान हे निकष मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतात, आपल्या वावरातल्या चिखलावर नाही. एका वर्षी माझ्या बागेत गुडघ्याएवढं पाणी होतं आणि सात किलोमीटरवरच्या केंद्रावर २२ मिलीमीटर. पैसा भेटला नाही. विचारायला गेलो तर माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तेव्हापासून धुऱ्यापासून लांब, मोकळ्या जागी साधं पर्जन्यमापक बसवलं आहे. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच बदलतो. वहीत तारीख, पाऊस, आणि बागेत काय दिसलं ते लिहायचं. माझी नोंद विमा कंपनी मानेलच असं नाही, पण गावातल्या दहा जणांनी ठेवली तर मंडळाचं केंद्र कुठं बसवलं आहे, बंद तर नाही ना, हे ग्रामसभेत विचारताना हातात कागद असतो. यंदा आमच्या गावात चौघांनी सुरू केलं आहे. परवा पहाटेच्या पावसाचे चौघांचे आकडे आले ११, १४, ३८ आणि ४१. शिवार एकच, अंतर अडीच किलोमीटर.